भिंतीपलीकडे गेलेले साहेब

नव्वदच्या दशकात मी आणि माझी मैत्रीण डोंबिवलीत, तिच्या घराच्या गॅलरीला काचा लावून केलेल्या खोलीत कॉम्प्युटरची कामं करायचो. एकदा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याचे मालक आले. प्रदर्शनात स्लाइड दाखवून ते वैतागले होते.

"लोक झोपतात हो. माणूस स्वतः फिरून बघेल असं काहीतरी करा."

आम्ही पडद्यावर एक दालन उभं केलं. बाणांची बटणं दाबत त्यात चालायचं, भिंतीवरच्या चित्रावर क्लिक केलं की त्या रंगाची फिल्म सुरू, आवाजासकट. मात्र आमच्या मशीनवर दालनात नुसतं वळायचं म्हटलं तरी आधी अर्धी भिंत यायची आणि मग दम खाऊन उरलेली. मैत्रीण तेवढ्यात भाजी निवडून घ्यायची.

माणसाने भिंतीतून आरपार जाऊ नये, हेसुद्धा प्रोग्रॅमला सांगावं लागतं, प्रत्येक भिंतीसाठी वेगळं. एका भिंतीचं राहून गेलेलं. ते कळलं साहेबांसमोरच. त्यांनी बटण दाबलं ते सोडेचनात. भिंतीला भिडले आणि पलीकडे गेले. पडदा नुसता करडा.

"मी कुठे आलोय?"

"बाहेर," मैत्रीण म्हणाली.

"बाहेर काय आहे?"

"अजून काही नाही."

मी त्यांना मागे वळायला लावलं. दूरवर आमचं दालन औषधाच्या रिकाम्या खोक्यासारखं अधांतरी तरंगत होतं. काम हातचं गेलं, असंच मी धरून चालले. साहेब खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ सरकले.

"बाहेरून कंपनी अशी दिसते? मग नावाचा बोर्ड कुठाय?"

बोर्ड आला, म्हणून गेट आलं. गेट आलं, म्हणून बाग आली आणि साहेबांच्या हौसेखातर कारंजंही.

ठाण्याच्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर ही गर्दी. पण जो तो पडद्यावरच्या कारंज्याला फेरी मारून गेटातून बाहेर. ज्या फिल्म करताना आमचे डोळे गेले, त्या बघायला दालनात कोणी फिरकेना. मी साड्यांच्या दुकानातल्यासारखी "आत या ना, आत बघण्यासारखं आहे," म्हणत उभी.

एक काकू माऊस माझ्या हातात देत म्हणाल्या, "आत नको गं. आत गेलं की घ्यावं लागतं."

साहेब मात्र गर्दीवर खूश. पुढचं कामही त्यांनी आम्हालाच दिलं. कारंज्याचं पाणी तेवढं त्यांच्या रंगांचं हवं होतं, क्लिकगणिक बदलणारं. हे आधी आम्हाला सुचायला हवं होतं.