बसस्टँडवर कमावलेला आवाज

सैनिकी अकादमीच्या निवड मंडळानं मला सांगितलं, "सध्या थांबा. तुमच्या आवाजात हुकूम नाही. पुढच्या वर्षी पुन्हा या."

वडील अकोटच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मला सोबत नेलं. लोडशेडिंगमुळे तिथला भोंगा दुपारभर मुका असायचा आणि ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा. "तुले अफसर व्हायचं हाय ना? मंग लाव गाड्या," ते म्हणाले.

कापसाला भाव नसण्याची ती वर्षं. पुण्याच्या गाडीला गाठोडी घेऊन अर्धं गाव उभं असायचं. मी बाकावर चढून ओरडले, "पुणे गाडी! एका रांगेत! लेकरंवाल्या बाया पुढं!" पहिल्या दिवशी कोणी ढुंकून पाहिलं नाही. महिन्याभरात मात्र लोक गपचूप रांग लावू लागले. एका आजोबांनी तर गाडीत चढून खिडकीतून विचारलं, "बाई, आता बसू काय?" हसू दाबून मी हुकूम सोडला, "बसा!"

वर्षानं पुन्हा मंडळापुढे गेले. मैदानावर आमच्या गटाला एक ओंडका खड्ड्यापलीकडे न्यायचा होता आणि सगळे एकदमच बोलत होते. माझ्या तोंडून निघालं, "मांगं सरका सारे!" गट सरकला. वहीत टिपणं घेणारे परीक्षकही दोन पावलं मागे सरकले.

"हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"बसस्टँडवर, सर."

त्यांनी ते न हसता लिहून घेतलं. निवडीचं पत्र आलं, तेव्हा वडिलांनी ते प्रत्येक ड्रायव्हरला वाचायला लावलं. त्या दिवशी एकही गाडी वेळेवर सुटली नाही.