वेग दुप्पट, वारा चौपट

"वेग दुप्पट, वारा चौपट, वहिनी," असं म्हणत आमचे ड्रायव्हर खिडकीबाहेर तळहात काढायचे. हात आडवा धरला की वारा वरून-खालून निघून जायचा, उभा केला की कोपरापासून मागे रेटायचा. मग आमच्या ह्यांना म्हणायचे, "बघा भाऊ, गाडीचा आकार म्हणजे एवढंच."

तुम्हीही असा एखादा ड्रायव्हर पाहिला असेल, शिकवल्याशिवाय ज्याला गाडी चालवता येत नाही. आमचे हे डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा भाईंदर पश्चिमेहून ठाण्याला जायचं, चार तास बसायचं, परत यायचं. दोन वर्षं. मी तर बसल्या बसल्या पेंगायची. व्हॅन त्या ड्रायव्हरचीच, जुनी. टपावरच्या कॅरिअरला ह्यांची चाकांची खुर्ची बांधलेली.

त्यांच्या मते गाडी हवी बांगडा माशासारखी, पुढून गोल आणि शेपटीकडे निमुळती. मागे वारा नीट मिटला नाही, तर तोच गाडीला ओढून धरतो. ह्यांनी एकदा विचारलं, मग तुमची ही माचीस कशाला? तर म्हणाले, "घोडबंदर रोडच्या गर्दीत वीसच्या वर कोण जाऊ देतंय? वीसला कपाटाला चाकं लावली तरी चालतंय, भाऊ."

एका सोमवारी सकाळी ह्यांना धाप लागली. मधे डायलिसिसशिवाय दोन दिवस गेलेले, अंगात पाणी साठलेलं. वरसाव्याच्या पुढे नेमका रस्ता मोकळा. मी म्हटलं, पळवा आता. तर त्यांनी गाडी थांबवली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी उतरून दोऱ्या कापल्या, खुर्ची तिथल्या चहाच्या टपरीवर सोडली आणि परत येऊन बसले.

"ती वर असताना ही शंभरला जायची नाही, वहिनी. वारा जाऊ देणार नाही. दुसरी खुर्ची तिकडे हॉस्पिटलात मिळेल."

मग मात्र वेगाने सगळी व्हॅन थरथरायला लागली. ह्यांचा गार हात मी घट्ट धरून ठेवला होता.

वेळेत मशीन लागलं. हे त्यानंतर सव्वा वर्ष राहिले. ते ड्रायव्हरही आता रत्नागिरीकडे गावी गेलेत, डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून.

मला आठवतात ते त्या सकाळचे. ह्यांना आत नेल्यावर मी बाहेर आले, तर ते व्हॅनचं दार उघडून कडेला बसलेले, शर्ट घामाने भिजलेला. चहा पुढे केला तर घेईनात.

"एवढं वारा वारा करतो मी," म्हणाले, "पण तीस वर्षांत सत्तरच्या वर आज पहिल्यांदा गेलो, वहिनी."

मी त्यांच्या शेजारी बसले.