वाऱ्याचे गुण

फोन मीच पाडला. टॅक्सीच्या मागच्या सीटवरून नकाशात डोकावताना माझं कोपर स्टँडला लागलं आणि वाऱ्याचा फोन गिअरवर आपटून थेट त्याच्या पायाशी. गाडी सिग्नलला उभी, तसूभरही हललेली नाही. तरी फोन खालूनच बोलला, "जोराचा ब्रेक नोंदवला आहे."

वारा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला. एके काळी तो गाडी चालवायचा तशी, म्हणून हे नाव. अ‍ॅपवर गेल्यापासून मात्र फोन खिशात असला की हा गृहस्थ जिनासुद्धा डोक्यावर भरली घागर असल्यासारखा उतरतो. फोन धक्के मोजतो ना! बायकोशी भांडायचं तर फोन आधी पिठाच्या डब्यात. "ती ऐकत असते," म्हणतो. ती म्हणजे अ‍ॅप. यावर बायको म्हणते, "हिच्या निम्म्याने तरी मला घाबरला असतात!"

"किती गुण गेले?" मी चाचरत विचारलं.

"दोन. एक्क्याण्णवचे एकोणनव्वद."

नव्वदच्या खाली गेलेल्याला पुढचा आठवडा रात्रपाळी, आणि यादी संध्याकाळी सहाला लागायची. त्याची बायको नर्स, ती आठवडाभर रात्रीच कामावर. म्हणजे पाच वर्षांची पोर घरात एकटी.

"मी लिहून देतो, चूक माझी होती म्हणून."

"काका, उपकार नकोत. प्रवाशाशी गप्पा मारतो म्हणून आणखी दोन जातील." मग आरशातून माझ्याकडे रोखून बघत, "पण नकाशात कशाला डोकावत होतात? कुणी पाठवलं नाही ना तुम्हाला?"

"अरे, तुझ्या लेकीची सायकल मी जोडून दिली!"

"म्हणूनच विचारतो. नुसता शेजारी इतकं गोड कशाला वागेल?"

पुढचा रस्ता आम्ही असा कापला की सायकलवाले मागे वळून सहानुभूतीने बघत होते. गतिरोधक तर त्याने झोपलेलं मूल ओलांडावं तसा ओलांडला. मागचे हॉर्न आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मी श्वाससुद्धा बेताने घेतला.

घरासमोर पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. फोन किणकिणला. नव्वद! बरोबर सहाला यादीही आली, दिवसपाळी कायम.

"बघ," मी त्याच्या पाठीवर थाप मारली, "बिचारीने निम्मी तरी चूक सुधारली. आता तरी संशय सोड!"

वारा फोन उलटसुलट करून बघत म्हणाला, "तो एक गुण का वाढवला, ते तरी कुठे सांगितलंय?"