होडीतली गुलाबी मच्छरदाणी

मामाने लूमचं काम सोडल्यावर एक जुनी लाकडी होडी घेतली. आठवड्यातून एकदा तो तापीत जाळं टाकतो आणि रात्री होडीतच झोपतो. गेल्या हिवाळ्यात मी त्याला विचारलं, "मी येऊ?" मी सहसा काही मागत नाही, म्हणून असेल, तो लगेच हो म्हणाला. अडली ती आई. आदल्या वर्षी मला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर रात्री तिने काढल्या होत्या.

"मच्छरदानी बनाड," ती म्हणाली. "संध्याकाळे गच्चीवर अर्धा तास मझार बस. एक बी मच्छर चावना, तं जावानं नही."

आमच्या घरच्या अहिराणीत मझार म्हणजे आत, आणि आईचं 'नही' म्हणजे नाहीच.

दुकानातली मच्छरदाणी चार खिळ्यांना बांधावी लागते. होडीत खिळे कुठले? मी मामाकडून होडीच्या तळाच्या मापाची रुंद फळी आणली, कडेने भोकं पाडली आणि वायरिंगचे पांढरे पाइप वाकवून दोन कमानी रोवल्या. आमच्या लिंबायतमध्ये गल्लोगल्ली लूम आणि साड्यांचं काम, त्यामुळे कापडाला तोटा नाही. दुपट्ट्याच्या गुलाबी नेटचा मोठा तुकडा घरातच पडून होता, मधूनमधून चमकी लावलेला. कोरं नेट इतकं ताठ होतं की दोन कमानींवर टाकताच तंबूसारखं उभं राहिलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आईने मात्र नेटची कड बोटांत चोळून पाहिली.

संध्याकाळी मी आत बसले. डास बाहेर घोंगावत होते, मी मनात मिनिटं मोजत होते. अर्धा तास संपतच आला होता, तेवढ्यात आईने वरून मगभर पाणी ओतलं.

"आई! हे काय?"

"नदीवर दव पडस ना?"

नेटची खळ विरघळली. माझा सगळा तंबू ओल्या ओढणीसारखा माझ्या खांद्यावर येऊन चिकटला आणि कोपराला नेटच्या वरूनच डंख बसला. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"चावना?"

"...चावला."

"कोरं कापड खळवर उभं ऱ्हास. पहिले धोवानं. तुन्हा इंग्लिश शाळामा हाई शिकाडत नहीत का?"

शिकवलं नव्हतं. पण आई घरी साड्यांना फॉल लावते, तिच्या मशीनखाली वाढलेल्या मुलीला हे सुचायला हवं होतं.

मी नेट गरम पाण्यातून दोनदा काढलं. दोनाच्या पाच कमानी केल्या. या वेळी नेट कमानींच्या वरून न टाकता आतून नाड्यांनी टांगलं, म्हणजे ते ओलं झालं तरी अंगापासून वीतभर लांब राहील. दार ठेवलंच नाही. खालची कड उचलायची आणि सरपटत शिरायचं. ती कड वाऱ्याने उडायची. तेव्हा आईनेच न मागता तिला साडीचा फॉल दुहेरी करून शिवला, आणि त्या घडीत मी वाळू भरली.

दुसऱ्या संध्याकाळी आईने दोन मग ओतले. मग माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून तपासले.

"जाय," ती म्हणाली.

मी गच्चीचा जिना दोन-दोन पायऱ्या उतरले.

नदीवर मामा फळी होडीत बसवताना हसत सुटला. "हाई मच्छरदानी शे का नवरीना मंडप?" मलाही हसू आवरत नव्हतं. दिवस मावळताच मी आत सरपटले. होडी हलली, चमकी हलली, आणि आईचा व्हिडिओ कॉल आला.

"चारी कोपरा दखाड."

मी फोन फिरवू लागले आणि चौथ्या कोपऱ्यात तो दिसला. एकटाच, माझ्याबरोबरच शिरलेला. तीन कोपरे मी अगदी सावकाश दाखवले. तोवर मोकळ्या हाताचा अंगठा चौथ्यात पोचला होता.

"मझार शे का एखादा?"

मी अंगठा फ्रॉकला पुसला आणि चौथा कोपरा दाखवला.

"नाही," मी अगदी खरं सांगितलं.