एकाच मजकुराच्या हरकती

आमच्या वाडीवरचा माळ नकाशात पिवळा झालाय, हे मला मोबाइलवर कळलं. कुणीतरी ग्रुपवर नव्या विकास आराखड्याची पीडीएफ टाकली होती. ती उघडली आणि दोन बोटांनी मोठी करत करत लोणावळ्याजवळच्या औंढ्यापासून पुढं सरकले, तेव्हा आमचा माळ दिसला. आधीच्या नकाशात तो हिरवा होता, म्हणजे शेतीचा. आता पिवळा, म्हणजे रहिवासाचा. रहिवास कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. वाडीतल्या कुणालाही त्या उतारावर घर बांधायचं नव्हतं. वर्षातून चार शनिवार-रविवार येणाऱ्यांना मात्र तिथून दरी दिसते.

नकाशाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हरकती व सूचना महिन्याच्या आत लेखी द्याव्यात.

मला वाटलं, हे तर माझंच काम. तळेगावला कॉलेजात असताना मी तीन वर्षं पत्रकं लिहिली. फीवाढ, एसटीचा पास, वसतिगृहाचं पाणी. एक पान, एक मागणी, चालता चालता वाचता येईल असं वाक्य. आणि सगळ्यांच्या हातात एकच कागद, नाहीतर समोरचा आपल्यात फूट पाडतो. हे मला इतकं पक्कं शिकवलं होतं की दुसऱ्या पद्धतीनं काही मागता येतं, असं कधी डोक्यातच आलं नाही.

मी हरकतीचा छापील अर्ज तयार केला. "हा माळ आमचा आहे. धनदांडग्यांच्या बंगल्यांसाठी तो आम्ही देणार नाही. पिवळा रंग रद्द करा." खाली नाव, गट नंबर, सही. वाचून मला स्वतःलाच चेव आला.

लोणावळ्याच्या बाजारात ज्यांच्याकडं मी नेहमी झेरॉक्स काढते, त्या चाचांनी मशीन सुरू करण्याआधी कागद वाचला.

"सगळ्यांचं हेच म्हणणं?"

"हेच."

"आमच्या घरात चार माणसांचं भाजीवर एकमत होत नाही, आणि तुमची अख्खी वाडी एका सुरात. बरं आहे बाबा."

मी हसले. गठ्ठा पिशवीत भरला आणि परत आले.

शाळेच्या ओट्यावर बैठक लावली. सगळे आले, आबाही आले. आबांचं खाचर वाडीत सगळ्यात वर आहे. माळावरून येणारा ओढा आधी त्यांच्या बांधाला लागतो, म्हणून भातलावणीच्या आधी तो साफ करायचा आणि नंतर कुणाच्या खाचरात किती दिवस पाणी सोडायचं ते ठरवायचं, हे काम त्यांच्याकडं. ते कुणी नेमून दिलेलं नाही. वरचं खाचर ज्याचं, पाणी त्याच्या हाती, अशी आमच्याकडं रीत आहे. बाकी वेळी आबांना न जुमानणारे लोक त्या महिन्यात त्यांच्याशी फार गोड बोलतात.

अर्ज वाचून दाखवल्यावर आबांनी विचारलं, "यात वढ्याचं कुटंय?"

"ओढा माळातच आला ना, आबा."

"तसं न्हाई. तुज्या त्या मोबाइलात बघितला म्या नकाशा. तितं वढाच न्हाई काढलेला. उन्हाळ्यात बघून गेल्यात वाटतं. वढा न्हाई म्हनल्यावर त्यावर घर बांधाया कोन अडवंल?"

मग ते सांगायला लागले. ओढा कुठं सुरू होतो, कुठल्या कातळाखाली गुप्त होतो, परत कुठं वर येतो, कुठं दोन फाटे फुटतात, कुठला फाटा कुणाच्या खाचरात. कातळाखालचं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं आणि वाडीची विहीर त्यावर जगते. अर्धा तास झाला. बाया उठायला लागल्या. एक मावशी म्हणाली, "आबा, लगीन जमवताय का वढ्याचं? सगळं खानदान सांगितलंत."

सगळे हसले. मीही हसले. आबांना म्हटलं, "एवढं नाही मावत अर्जात. तुम्ही सही करा."

त्यांनी केली. दोन दिवसांनी ते घरी आले, हातात वहीचा दुहेरी कागद. सुनेकडून लिहून घेतलेला. चारही पानं भरलेली, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं काढलेला ओढा. "हे बी लाव संगट," म्हणाले.

मी हो म्हटलं. आणि लावला नाही.

खरं तेच सांगते, विसरले नाही. ठरवून लावला नाही. सगळे अर्ज सारखे, आणि मधेच एक रेघांचा कागद, वेगळं अक्षर, वेगळी मागणी. मला ते एकजुटीला धरून वाटलं नाही. तो कागद मी माझ्या झोळीच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि छापील अर्जांच्या दोन पिशव्या पुण्याच्या कार्यालयात देऊन, पोच घेऊन आले. फोटो काढून ग्रुपवर टाकला. लोकांनी मुठी आणि फुलं पाठवली.

सुनावणीचं पत्र आलं तेव्हा आम्ही टेम्पो करून पुण्याला निघालो. सोमाटण्याला चहाला थांबलो, तिथं समोरच होर्डिंग होतं. "निसर्गाच्या सान्निध्यात तुमचं सेकंड होम." फोटो आमच्या माळाचा. आणि माळाच्या मधोमध, पांढराशुभ्र, फेसाळलेला, आमचा ओढा. त्यावर लिहिलेलं, "खासगी धबधबा."

आबा बराच वेळ बघत राहिले. "मंजी ह्यांना दिसला व्हय," म्हणाले.

ती मावशी म्हणाली, "फोटूत गोरा दिसतोय."

मी रागानं होर्डिंगचा फोटो काढला. वाटलं, पुरावाच मिळाला.

कार्यालयात लांब व्हरांडा. लोक भिंतीला टेकून बसले, कुणी भाकरी सोडली. शिपायानं आमच्या वाडीचं नाव पुकारलं तसे सगळे उठले. तो म्हणाला, "सगळे नाही. तुमची हरकत एक आहे. दोघं आत या."

"एक कशी? दोन पिशव्या दिल्यात."

"एकाच मजकुराच्या हरकती एकत्र करतात. एकच नंबर पडतो. इथं लिहिलंय बघा."

तसं भिंतीवरच्या कागदावर खरंच लिहिलं होतं. मी त्याच्याशी भांडले, आवाज चढवला. तो सरावलेला होता. म्हणाला, "ताई, मी काय करणार? आत जा, वेळ जातोय तुमचाच."

मी आणि आबा आत गेलो. बाकीचे, ज्यांनी लावणीची कामं टाकून सह्या केल्या होत्या, ते दाराबाहेर.

आतले साहेब उर्मट नव्हते. उर्मट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आमचा अर्ज वाचला, वाचायला कितीसा वेळ लागणार, आणि विचारलं, "रंग रद्द करा म्हणताय, कारण काय? माळ खासगी मालकीचा आहे, विकणाऱ्यांनी विकलाय. तांत्रिक मुद्दा आहे का काही?"

"ओढा आहे," मी म्हटलं. "तुमच्या नकाशात नाही."

त्यांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला. "यात उल्लेख नाही."

मी फोन पुढं केला. होर्डिंग.

"जाहिरात हा पुरावा होत नाही," ते म्हणाले. "मूळ हरकतीत असता हा मुद्दा, तर पाहणी लावावी लागली असती. ओढा ही गंभीर बाब आहे. पण मुदतीत लेखी यायला हवं होतं."

मग मी झोळीत हात घातला. आबा शेजारीच बसले होते. मी तो वहीचा कागद काढून टेबलावर ठेवला, चारी घड्या तशाच. साहेबांनी तो उघडला, पेन्सिलीचा ओढा बराच वेळ पाहिला. चांगला काढलाय, असंसुद्धा म्हणाले. मग कोपरा पाहिला. "याच्यावर आवकचा शिक्का नाही."

मी आबांकडं बघितलं नाही. त्यांनी तो कागद माझ्याकडं दिला होता, आणि त्यांच्या हिशेबी तो केव्हाच सरकारकडं पोचला होता. तो माझ्या झोळीतून निघताना त्यांनी पाहिला.

"गरज वाटल्यास स्थळपाहणी करू," साहेब म्हणाले आणि कागद परत दिला.

टेम्पोत मी बोलायला सुरुवात केली. नियम कसे मुद्दाम केलेत, हे सगळं कसं बिल्डरांच्या सोयीचं आहे. ते खोटं नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. पण टेम्पोत कुणी मान हलवली नाही. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "पोरी, मी म्हनलं हुतं लाव."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन एकटी परत गेले. आवक खिडकीवर बाईंनी काही न विचारता शिक्का मारला, नंबर टाकला. तिथं काहीही दिलं तरी शिक्का मारतात. मुदत संपल्यावर आलेल्या कागदाचं पुढं काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी नंतर तीन वेळा अर्ज करून विचारलं. "आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे." अंतिम नकाशा आला त्यात माळ पिवळाच आहे. ओढा नाही. वरच्या अंगाला आता चुन्याच्या रेघा आणि लोखंडी खुंट्या आहेत.

मी शिक्का मारलेल्या कागदाची झेरॉक्स आबांना नेऊन दिली होती. तेव्हा मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. तेही करायला नको होतं. कारण आबांनी शिक्का पाहिला आणि त्यांना साहेबांचं स्थळपाहणीचं वाक्य आठवलं.

"मंग आता येत्याल की बघाया."

मी चपला घातल्या आणि निघाले. नाही म्हणायला हवं होतं.

परवा मी वर गेले तर आबा कोयता घेऊन ओढ्याकडं जाणारी वाट मोकळी करत होते. करवंदीच्या जाळ्या तोडून एका बाजूला रचलेल्या. साहेब पॅन्टवाला माणूस, काट्यातून कसा येणार, म्हणाले. कातळापर्यंत तरी नेला पायजे त्याला, पानी तितं गुप्त व्हतंय ना, ते दाखवल्याबिगर कळायचं न्हाई.

"कधी येनारेत काय कळलं का?"

"नाही, आबा. अजून नाही."

त्यांनी पुढची जाळी धरली. मी तोडलेल्या फांद्या ओढून बाजूला टाकायला लागले.