आधी अंगठा, मग घंटा

आमच्या कॉलेजात किस्से शोधावे लागत नसत. वरिष्ठांनी नवा नियम काढला की आठवड्याच्या आत किस्सा तयार! सोलापुरातलं एवढंसं कॉलेज, पण नोकरांच्या नियमांची वही पंचांगापेक्षा जाड. मी इंटरला शिक्षण सोडलं, वर्षभर उनाडलो आणि त्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून झालो. मला मूर्ख म्हणणाऱ्या पदवीधरांचा कारभार मग रोज समोर बसून पाहिला.

*

रजेचा अर्ज एक दिवस आधी, हा पहिला नियम. अक्कलकोटकडचा मल्लप्पा लॅबोरेटरीत काचेची भांडी धुवायचा. त्याचा बाप वारला. माती देऊन तो परत आला, तर हेडक्लार्क अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "अर्ज आदल्या दिवशी का दिला नाहीस?"

"आदल्या दिवशी बाप जेवत होता की, अण्णा."

अण्णांनी हे उत्तर जसंच्या तसं फायलीत लावलं आणि रजा नामंजूर केली.

*

दुसरा नियम, उघड्या डोक्यानं प्रिन्सिपॉलसाहेबांसमोर यायचं नाही. एका दुपारी वावटळीत खुद्द साहेबांचीच टोपी उडाली. शिपाई इस्माईलभाई मैदानभर तिच्यामागं धावले. साहेबांची टोपी सापडली, इस्माईलभाईंची स्वतःची पडली. संध्याकाळी बक्षीस म्हणून मेमो हातात.

"साहेबबी उघडेच हुते की," इस्माईलभाई म्हणाले.

"नियम साहेबांनी केलाय," अण्णा म्हणाले. "तो साहेबांना कसा लागू होईल?"

आणि हे बोलताना माणूस हसतसुद्धा नव्हता!

*

वर्षअखेरीला साहेब प्रत्येकाच्या वागणुकीवर गुप्त शेरा अण्णांना लिहायला सांगत. साहेबांना ऐकू कमी. त्यामुळं लिहून झालं की अण्णा ते ओरडून वाचून दाखवत. "फिजिक्सचे प्रोफेसर हुशार, पण उद्धट!"

शेजारच्या वर्गात शिकवणं थांबलं. भिंतीपलीकडून प्रोफेसरांचा आवाज आला, "आणि वक्तशीर. तेही घाला."

अण्णांनी घातलं.

*

आता मस्टर. अकराच्या घंटेआधी सही केली तर वेळेवर, घंटेनंतर केली तर नावापुढं लाल शाईत 'उशीर'. अकराला पाच मिनिटं असताना अण्णा कपाटातून मस्टर काढत. नेमके तेव्हा इस्माईलभाई साहेबांच्या हुकमानं हातोडी घेऊन घड्याळाखाली उभे. घंटा देऊन ऑफिसात येईपर्यंत घंटा झालेलीच असायची! सकाळी सातला येऊन झाडलोट करणारा हा माणूस मस्टरप्रमाणं तीन वर्षं रोज उशिरा येत होता.

त्यांना कायम करायची वेळ आली तेव्हा अण्णांनी हे लाल शेरे पुढं केले. "इतका बेशिस्त नोकर कॉलेजात दुसरा नाही," असं लिहून चेअरमनना पाठवलं. कायम झाले नाहीत तर जूनपासून इस्माईलभाई घरी.

मी अण्णांच्या टेबलावर मूठ आपटली. "अहो, घंटा वाजवणारा घंटेआधी सही करणार कशी?"

अण्णा दोन दिवस विचारात होते. मग लेखी हुकूम निघाला: 'घंटा देणाराने आधी अंगठा करावा, मग घंटा द्यावी.' जुने लाल शेरे मात्र तसेच ठेवले. निकाल चेअरमन समक्ष येऊन देणार होते.

*

चेअरमन पुण्याहून आगगाडीनं यायचे होते. साहेब आणि अण्णा हार घेऊन स्टेशनवर गेले. गाडी लेट. टांगा कॉलेजात शिरला तेव्हा साडेअकरा वाजून गेलेले. वर्गात पोरांचा नुसता धिंगाणा, आणि ऑफिसाबाहेर सगळे प्रोफेसर सहीसाठी ताटकळत उभे.

साहेब कडाडले, "इस्माईल, घंटा का दिली नाहीस?"

इस्माईलभाईंनी साहेबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं, "आदी अंगठा, मग घंटा, साहेब. लेखी हाय. मस्टर कपाटात, अन् किल्ली अण्णांच्या खिशात."

चेअरमन अण्णांकडं वळले. "मग उघडा की कपाट."

कपाट उघडलं. इस्माईलभाईंनी अंगठ्याला शाई लावली, मस्टरवर ठसा उठवला, बोट धोतराला लागणार नाही असं धरलं आणि सावकाश बाहेर गेले. सगळ्यांच्या आधी साहेबांनी टाक उचलला. तो दौतीत बुडतोय तोच घंटा घणघणली.

साहेबांचा टाक दौतीतच राहिला. चेअरमननी मस्टर स्वतःकडं ओढलं. त्या दिवसाच्या पानावर घंटेआधीचा असा एकच अंगठा होता.

"बेशिस्त नोकर म्हणून ज्याचं नाव लिहून पाठवलंत," ते अण्णांना म्हणाले, "तो यातला कोण?"