विसाव्यावर पोहे

आमच्या दादरच्या टूर ऑफिसात सहलीच्या कार्यक्रमाचा कागद आधी माझ्याकडे येतो, कारण गाडी, राहणं आणि जेवण मी बघतो. त्या दिवशी आलेल्या कागदावर माझ्याच गावाचं नाव होतं. खाली लिहिलं होतं : सकाळी तलावाकाठी फेरी, मग विसाव्यावर पोहे आणि चहा.

मी कागद उलटा ठेवला. परत सुलटा केला. तेच होतं. डोकं असं तापलं की समोरच्या गिऱ्हाइकाला काय सांगत होतो तेच विसरलो.

ही कल्पना आमच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, मुलाची. कार्टून सिनेमे ज्या खऱ्या जागा बघून काढलेत, तिथं लोकांना न्यायचं. जपानमधलं जंगल, युरोपातलं तळ्याकाठचं गाव, अशा सहली आमच्याकडे चांगल्या चालल्या. शिवाजी पार्कची आजी-आजोबा मंडळी नातवंडांना घेऊन जातात. नातू पडद्यावरचं झाड ओळखतो, आजोबा त्याचा फोटो काढतात. ज्यांना परदेश परवडत नाही त्यांच्यासाठी आता इथलंच गाव हवं होतं, आणि ते माझं निघालं. भंडाऱ्याकडचं, मुंबईहून निघालं की दुसऱ्या दिवशी पोचता येतं असं.

आमच्या गावावरून सिनेमा झाला हे खरं. चित्रं काढणारी पोरं-पोरी मुंबईहून आली होती, हिवाळाभर राहिली. घरं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, तलावातले बगळे, सगळं काढून नेलं. माझ्या आईच्या हातचा वरण-भात जेवली. तलावाच्या वाटेवर चिंचेखाली एक सपाट दगड आहे. ह्याला काय म्हणतात, त्यांनी विचारलं. विसावा, कोणीतरी सांगितलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. मुंबईत विसावा म्हणजे हायवेवरचं हॉटेल, नाहीतर लोणावळ्याचा बंगला. सिनेमात त्या दगडावर दोन भावंडं पाय हलवत बोरं खातात. कागदासोबत आलेल्या सहलीच्या पोस्टरवरही तेच चित्र.

गावात तिरडी स्मशानाकडे नेताना त्या दगडावर टेकवतात. मागचे खांदेकरी पुढे येतात, पुढचे मागे जातात. बायका तिथवर येतात आणि तिथूनच परत फिरतात.

माझे बाबा गेल्या उन्हाळ्यात गेले. मी गावात पोचलो तेव्हा तिरडी घरून निघालेली होती. ऊन चढत होतं, घरात आणखी ठेवता येत नव्हतं. मग लोकांनी विसाव्यावर थांबवून ठेवलं. सगळा गाव चिंचेखाली उभा राहिला, माझ्यासाठी. मी एसटीतून उतरून पळत आलो आणि बाबांचं तोंड त्या दगडावर पाहिलं. आई तिथून मागे वळली. अजून ती शेतावर जाताना त्या वाटेने जात नाही, लांबच्या बांधावरून वळसा घेते.

तिथं पोहे. कागदी प्लेटा, वर शेव.

पण माझा राग आधी पोटात जातो. नववीतून शाळा सोडून परगावी आलेला माणूस आवाज चढवण्याआधी खोलीचं भाडं आठवतो. मॅडमनी मला कुठलंही सर्टिफिकेट न मागता कामावर घेतलं. लालबागला खोली मिळेपर्यंत ऑफिसातच झोपू दिलं. बाबांच्या वेळी तत्काळचं तिकीट त्यांनीच काढलं, मला तर काही सुचत नव्हतं. हे मी विसरत नाही. त्यांच्यासाठी मी काहीही करीन असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच तो कागद हातात धरून मी जास्त चिडलो. ज्यांचं मीठ खातो त्यांच्यावर चिडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आईला फोन केला. वाटलं, ती म्हणेल जाऊ दे.

"कायले येऊन राह्यले ते लोक?"

"सिनेमातली जागा बघायला."

"पाहू दे ना मंग. तलाव पाहा म्हनावं, बगळे पाहा म्हनावं. त्या दगडावर नोका बसू म्हनावं." मग म्हणाली, "तू सांगशीन ना? का तिथं जाऊन तुही जीभ गेली?"

मग मी कागद घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेलो. मुलगा तिथेच होता.

"काय बॉस, तुझंच गाव. खूश ना?"

"विसाव्याचा थांबा काढा."

"का, रस्ता खराब आहे?"

मी सांगितलं. तिरडी, खांदेकरी, बायका, बाबा. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "मला वाटलं, विसावा म्हणजे आपलं..." एवढंच म्हणाल्या.

मुलगा विचारात पडला. "पण पोस्टरवर तोच दगड आहे यार. पोरं पहिलं तेच विचारणार. एक करू, खाणं नको तिथे. नुसता फोटो. आणि सांगायचंच नाही कोणाला. कळणार कोणाला?"

"मला कळेल."

"अरे तू तर चलच सोबत, लोकल माणूस." मग त्याचा चेहरा एकदम खुलला. "किंवा उलटं. सांगच तू. बाबांचं, तू पळत आलास ते. लोकांना असं खरंखुरं आवडतं रे. थोडा इमोशनल टच."

तो वाईट नाही. त्याला वाटलं, तो मला मान देतोय. त्यानेच माझं डोकं फिरलं.

"काय सांगू?" मी म्हणालो. "डोकं कुठल्या बाजूला होतं ते सांगू? नाकातल्या कापसाचं सांगू? आणि नातवंडं तेव्हा कुठं बसतील, डोक्याशी का पायाशी?"

जपानची चौकशी करायला आलेलं जोडपं बोलायचं थांबलं.

"हळू. गिऱ्हाइकं आहेत," मुलगा म्हणाला.

"मग त्यांनाही कळू दे."

"बास," मॅडम म्हणाल्या. कोणाला, ते कळलं नाही. त्यांनी पेनाने ती ओळ खोडली. "थांबा रद्द. पोस्टरही बदल."

"आई, छापून झालंय."

"मग परत छाप." आणि माझ्याकडे बघून, "तू आधी सांगायला हवं होतंस. ओरडायची गरज नव्हती."

आधी म्हणजे कधी? कागद आज आला. त्याआधी मला विचारलं कोणी? ओठांवर आलेलं हे मी गिळलं आणि "हो मॅडम" म्हणालो. त्या "हो मॅडम"चाही राग आला, माझाच मला.

ओळ खोडली, पण रस्ता खोडता येत नाही. तलावाला जायला गाडीसाठी तीच एक वाट आहे. दगड खिडकीतून दिसणार, कुठलं तरी पोर ओरडणार की ते बघा. आजोबा मोबाईल काढणार. कोणीतरी म्हणणारच, अहो दोनच मिनिटं थांबवा, एवढे पैसे भरलेत आम्ही.

"सहलीबरोबर मी जातो," मी मॅडमना सांगितलं.

"तू? मी तर म्हणणार होते, तू नकोच जाऊस. त्रास होईल तुला."

"ड्रायव्हर पाहुण्यांना 'नाही' म्हणणार नाही," मी म्हणालो. "मी म्हणेन."